चपला घालताना

एकोणपन्नासाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात गेले, त्याला हौस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वागळे इस्टेटमधली आमची कंपनी गुजरातला हलली. तिकडे आम्हां बायकांना कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी कोण गेलं असतं. पंचवीस वर्षं टाइम ऑफिसात दुसऱ्यांच्या रजा आणि हजेऱ्या बघितल्यावर एका सोमवारी मी डोंबिवलीच्या घरात रिकामी बसले. मुलगा बंगळुरूला, नवरा ऑफिसात. आठवड्याभरात मी माळे साफ केले, पडदे धुतले, आणि मग धुवायला काही उरलं नाही.

पण खरं कारण आई होती. त्याआधीच्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभरात ती वॉकर धरून चालायलाही लागली, पण डोक्यातलं काहीतरी मागे हॉस्पिटलातच राहिलं. आज कोणता वार इथपासून सुरुवात झाली आणि हे घर कुणाचं इथपर्यंत गोष्ट आली. आई नौपाड्यात दादाकडे राहते. म्हणजे दादाचं घर म्हणायचं, सांभाळते वहिनी. आम्ही दोघी एका घरच्या असून आमच्यात एक गंमत आहे. वहिनी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तरी ती मला ताई म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिला सव्वीस वर्षं अगंतुगं करत आले. नणंदेचा मान म्हणतात तो हा.

तर ठाण्यातल्या एका कॉलेजात मानवी विकास आणि कुटुंब या विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, शनिवारी आणि रविवारी सकाळी वर्ग. मी नाव घातलं. मला वाटलं, शिकलं की कळतं आणि कळलं की सुटतं. वर्गात बाकी सगळ्या बावीस-तेवीसच्या मुली. पहिल्या दिवशी एकीने मला प्राध्यापक समजून उभं राहून नमस्कार केला, नंतर तीच मला काकू म्हणून नोट्स मागायला लागली. पहिल्याच तासाला शिकवलं की माणसाची वाढ अठराव्या वर्षी थांबत नाही, शेवटपर्यंत चालू असते. हे ऐकून मला बरं वाटण्याऐवजी दमायलाच झालं.

रविवारी वर्ग सुटला की मी चालत नौपाड्याला जायची. जाताना हातात काहीतरी असायचंच. एका रविवारी मोठ्या आकड्यांचं घड्याळ. एका रविवारी तारीख बदलायची पाटी. मग कपाटांवर चिकटवायची चित्रं, साडीच्या कपाटावर साडीचं, भांड्यांच्या कपाटावर पातेल्याचं. विसरायला लागलेल्या माणसाला अशा खुणांचा आधार होतो, हे मी वाचलं होतं आणि ते खोटं नाही. संडासच्या दारावर तर मी कमोडचं रंगीत चित्र लॅमिनेट करून लावलं, खाली लाल बाण काढून. जुन्या फोटोंचा अल्बम केला. प्रत्येक गोष्ट कशी वापरायची ते वहिनीला समजावून सांगायची.

“हो ताई, करते,” वहिनी म्हणायची.

मला वाटायचं, किती समजूतदार आहे. मग मी आईजवळ अर्धा तास बसायची, चहा घ्यायची आणि म्हणायची, “चला, निघते.” वहिनी हात पुसत दारापर्यंत यायची. मी चपला घालत असताना तिचं काहीतरी सुरू व्हायचं. “ताई, एक सांगायचं होतं...” मी एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी म्हणायची, “पुढच्या रविवारी नीट बोलू गं, गाडी चुकेल.” ठाण्याहून डोंबिवलीला जायला दर पाच-दहा मिनिटांनी गाडी असते. हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध आला. मी विषय घेतला, घरातल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्या सुना. माझ्या गाईड मॅडम माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, अतिशय हुशार आणि कायम सर्दी झालेल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, “ताई, बारा घरं घ्या. आणि जवळचे नातेवाईक घ्यायचे नाहीत, नियम आहे.” मी मान डोलावली. मला त्या नियमाने हायसं वाटलं, पण का, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

प्रश्नावली इंग्रजीत होती, तिचं मराठी मी केलं. कागदावर पाच उत्तरं छापलेली, कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. त्यांवर खूण करायची, शिवाय तासभर बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं, त्याआधी संमतीपत्रावर सही घ्यायची. ओळखीतून ओळखी काढत मी घरं शोधली. डोंबिवलीत पाच, कल्याणला तीन, ठाण्यात चार.

पहिल्याच घरी माझा पचका झाला. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचं घर, हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई पहुडलेल्या, समोर मी आणि सून. मी प्रश्न वाचला, “काळजी घेताना तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही, असं वाटतं का?” दिवाणावरून सासूबाई म्हणाल्या, “तिला काय धाड भरलीय, दुपारी झोपते की दोन तास.” सून हसली आणि म्हणाली, “कधीच नाही लिहा.” पुढच्या घरी नवरा शेजारी येऊन बसला. प्रश्न बायकोला, उत्तर त्याचं. तो एकदाही उद्धट बोलला नाही, उलट त्याने माझ्या ताटलीत दोनदा पोहे वाढले. तिसऱ्या घरी बाईच म्हणाली, “त्रास कसला ताई, आपलंच माणूस आहे.” चौथ्या घरी हेच, पाचव्या घरी हेच. फॉर्मवर सगळीकडे पहिल्या चौकोनात खुणा. असं वाटावं की ठाणे जिल्ह्यातल्या सुनांना म्हातारपण सांभाळणं म्हणजे माहेरी राहायला जाणं वाटतं.

आता यात चूक माझी होती. मी स्वतः सासरी नांदलेली बाई. हॉलमध्ये बसून, चहाचा कप हातात घेऊन, घरातल्या माणसांसमोर सून काय बोलेल हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण हातात फॉर्म आला की माणूस आपल्याला माहीत असलेलं विसरतो, निदान मी तरी विसरले.

सहावं घर कल्याणला, खडकपाड्याच्या पुढे. सासरे पक्षाघाताने तीन वर्षं अंथरुणावर, हॉस्पिटलसारखा पलंग टीव्हीसमोरच लावलेला. बाई चाळिशीची, नीटनेटकी, हसतमुख. तिनेही सगळीकडे कधीच नाही सांगितलं. मी रेकॉर्डर बंद केला, पिशवी उचलली, “चला, निघते” म्हटलं. ती मला सोडायला दारात आली. मी चप्पल शोधत होते, तेवढ्यात तिने मागचं दार हलकेच लोटून घेतलं आणि जिन्यात उभी राहिली.

“ताई, एक सांगू का,” ती म्हणाली. “मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून बसते. बादली भरून वाहते, तरी बसते. पाण्याच्या आवाजात त्यांची हाक ऐकू येत नाही.”

मग ती अर्धा तास बोलली. लिफ्ट दोनदा वर येऊन गेली. शेजारीण दूध घेऊन आली, तेव्हा बाई एकदम “आणि कोथिंबीर बारीक चिरायची” असं म्हणाली, आणि शेजारीण आपल्या घरात गेल्यावर पुन्हा होती तिथून पुढे सुरू झाली. शेवटी आतून घंटी वाजली. सासऱ्यांच्या हाताशी पूजेतली घंटी ठेवलेली होती. ती आत गेली आणि दार लागलं.

मी खाली जिन्यात बसून फॉर्मच्या पाठीमागे सगळं लिहून काढलं आणि शनिवारी मॅडमसमोर ठेवलं. मला वाटलं, त्या खूश होतील. त्यांनी नाक पुसलं, वाचलं आणि म्हणाल्या, “ताई, हे वापरता येणार नाही. संमती मुलाखतीची आहे. दारातल्या बोलण्याची नाही.”

“मग काय फॉर्ममधलं वापरू? ते तर सगळं खोटं आहे.”

“खोटं नाही. हॉलमधलं आहे.” मग त्या म्हणाल्या, “त्यांना विचारा, हे लिहू का म्हणून. हो म्हणाल्या तर लिहा. नाही म्हणाल्या तर सोडून द्या.”

“आणि सोडून दिलेलं काय करायचं?”

“काही नाही. तुम्ही ऐकलंत ना, तेवढंच.”

मला त्यांचा राग आला. एवढी वर्षं शिकून बाई सांगते काय, तर ऐकलंत ना. पण दोन वर्षांत मला जे काही समजलं त्यातलं निम्मं या एका वाक्यात होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. आमच्याकडे पाहुणा उठला की यजमान त्याच्या मागे दारात येतो आणि खऱ्या गप्पा तिथे होतात, हे काही मी शोधून काढलेलं नाही. फक्त त्याचा उपयोग करायचं ठरवलं. बक्कल असलेल्या पट्ट्यांच्या चपला घेतल्या, घालायला वेळ लागेल अशा. संमतीपत्रात एक ओळ वाढवली, निरोप घेतानाचं बोलणंही, तुमची हरकत नसेल तर. फॉर्म भराभर भरायची, चहा अर्धा टाकून उठायची आणि दारात बसून बक्कल लावत राहायची. मग एकेक येत गेलं. एकीने सासूला झोपेची गोळी अर्ध्याऐवजी पूर्ण द्यायला सुरुवात केली होती आणि ते कुणाला सांगू म्हणून ती मलाच विचारत होती. मी तिला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेले, प्रबंधाला जायचं तिथे जाऊ दे. एक फक्त रडली. एक म्हणाली, मला आता कुणाच्याही जेवणाचा वास सहन होत नाही.

याला अपवाद एकच घर, ठाण्यात खाडीकडच्या कोळीवाड्यातलं. तिथे सासू-सून ओट्यावर समोरासमोर बसून कोळंबी सोलत होत्या. मी फॉर्म काढला.

“लिवा ताई, नेहमी,” सून म्हणाली. “सगल्या प्रश्नांना नेहमी. ही म्हातारी मना एक घास सुखानं खाऊ देत नाय.”

“तुजा सयपाक कोन सुखानं खाईल?” म्हातारी म्हणाली. तिला धड दिसत नव्हतं, पण हात भराभर चालत होते. सून मोठ्याने हसली. त्या घरात मला दारात कुणी थांबवलं नाही, कारण दारासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं. फॉर्मच्या खुणा मोजल्या तर बारांत सर्वांत बिकट घर तेच ठरलं. मॅडमना मी सांगितलं, तिथे जेवून घरी आले आणि आडवी झाले तर मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. त्या म्हणाल्या, “हे लिहा. झोप सोडून.”

याच दिवसांत दादाचा फोन आला. आईसाठी बदलापूरच्या पुढे एक जागा बघितली आहे, चांगली आहे, चोवीस तास नर्स असते, म्हणाला.

“वहिनी म्हणाली का असं?” मी विचारलं.

“ती काही बोलतच नाही गं. म्हणून तर.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला अभ्यासातलं सगळं ऐकवलं, की अशा माणसाला ओळखीच्या जागेतून उपटलं की ते आणखी हरवतं. शेवटी तो म्हणाला, “मग तू सांग काय करायचं.” माझ्या डोंबिवलीच्या घरात एक बेडरूम आहे आणि लिफ्ट नाही. मी म्हटलं, “मी वहिनीशी बोलते.” पण पुढच्या दोन्ही रविवारी मी तिच्याशी बोलले नाही. एकदा दिनक्रमाचा तक्ता नेऊन दिला आणि एकदा गोळ्यांची वेळ झाली की वाजणाऱ्या डब्या.

मग मुलाखती उतरवून काढायचं काम सुरू झालं. रोज दुपारी कानात हेडफोन घालून मी स्वतःचाच आवाज ऐकायची. याहून कंटाळवाणी शिक्षा नाही. वाक्य ऐका, थांबा, लिहा, मागे जा, पुन्हा ऐका. पाठीला रग लागायची. पहिल्या पाच टेपा एकसारख्या संपत होत्या. मी म्हणते, “चला, निघते.” बाई म्हणते, “ताई, एक...” आणि रेकॉर्डर बंद झाल्याचा आवाज. पाचव्यांदा ते ऐकलं आणि मला समोर दुसरंच दार दिसलं. मी हेडफोन काढून ठेवले. त्या दुपारी पुढे एक ओळही लिहिली नाही.

त्या रविवारी मी नौपाड्याला रिकाम्या हाताने गेले. दादा सोसायटीच्या मीटिंगला गेला होता. आई जेवून झोपली होती. वहिनीने चहा केला, आम्ही पाऊस लांबला वगैरे बोललो. मग मी म्हटलं, “चला, निघते,” आणि दारात जाऊन स्टुलावर बसले, बक्कल लावायला घेतलं. वहिनी गाऊनला हात पुसत मागे उभी.

“वहिनी, तू मागे दोन-तीनदा काही सांगणार होतीस.”

“काही नाही हो.”

मी बक्कल काढलं आणि पुन्हा लावलं.

“गाडी चुकेल तुमची,” ती म्हणाली.

“चुकू दे.”

तिने स्टँडवरच्या चपला सरळ केल्या. मग म्हणाली, “तुमच्या त्या बायका झाल्या सगळ्या?”

“झाल्या. बारा.”

“मला वाटलं होतं, एखादा फॉर्म माझ्याकडेही येईल.”

“जवळचे नातेवाईक चालत नाहीत गं. नियम आहे.”

“हो का,” वहिनी म्हणाली. “म्हणजे मी जवळची होते.”

यात टोमणा असता तर मी उलट बोलले असते. नव्हता, तिला खरंच ते नवीन वाटलं. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. मी चपलेच्या पट्ट्याकडे बघत बसले आणि ती बोलायला लागली. दहावीच्या मुलांच्या शिकवण्या ती घरी घ्यायची, त्या तिने बंद केल्या होत्या. मी समजले होते की आता मुलं मोठ्या क्लासला जातात म्हणून. तसं नव्हतं. आई मध्येच परकर-पोलक्यावर खोलीत येऊन बसायची आणि एकेका मुलाला विचारायची, तू कुणाचा. मुलं हसायची नाहीत, उत्तर द्यायची, तेच तिला बघवेना. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला ती दोन वर्षं गेली नव्हती, घरापासून चालत जाण्याएवढं अंतर. हे सगळं ती सांगत होती ते तक्रारीच्या सुरात नाही, एखाद्याने पत्ता सांगावा तसं.

“ताई, बदलापूरचं मी काढलेलं नाही,” ती म्हणाली. “ह्यांना वाटतं मी बोलत नाही म्हणजे मला हवंय. मला नकोय. आई इथेच राहू देत. पण त्या गेल्या ना, कधीतरी जातीलच, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटेल. रडू येणार नाही मला. आणि तुम्ही सगळे तेव्हा माझ्याकडे बघत असाल.”

अशा वेळी काय बोलावं हे मला शिकवलेलं होतं. समोरच्याची भावना नावानिशी सांगावी, घाईने धीर देऊ नये, अशी पानं मी पाठ केली होती, परीक्षेत लिहून आले होते. त्यातलं एकही वाक्य तोंडाशी आलं नाही. मी बक्कल सोडलं आणि चपला स्टँडवर ठेवल्या.

“तू जाऊन ये,” मी म्हटलं. “मी आहे साडेसातपर्यंत.”

“कुठे?”

“कुठेही.”

ती आत गेली, साडी नेसून आली, चपला घातल्या, आणि तिचा पाय निघेना. आता दारात ती आणि आतल्या बाजूला मी. पाच वाजता अर्धा कप दूध, गरम नको, कोमटही नको, मधलं. रडायला लागल्या तर टीव्ही लावू नका. हात धरायला गेलात तर आधी पुढे येऊन चेहरा दाखवा. माझ्या गोळ्यांच्या डब्या तिने कपाटात ठेवल्या होत्या, त्या आवाजाने आई दचकत होती. हे सगळं सांगून ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वर आली.

“आणि ते संडासच्या दारावरचं चित्र आहे ना, त्यावर टॉवेल टाका. त्यांना ते उघडं तोंड वाटतं. आत जायलाच तयार होत नाहीत.”

“कधीपासून?”

“लावलंत तेव्हापासून.”

“मग काढून का नाही टाकलंस?”

“तुम्ही एवढं करून आणलेलं.” ती जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाली. “रविवारी सकाळी टॉवेल काढायचे, तुम्ही गेलात की परत टाकायचे.”

ती गेली. मी चित्र नखाने खरवडून काढलं. चिकटपट्टीचा चौकोन दारावर राहिला तो राहिलाच.

आई पावणेपाचला उठली. “ती कुठे गेली?” तिने विचारलं. मी सांगितलं, बाहेर गेलीय, येईल. दोन मिनिटांनी पुन्हा, ती कुठे गेली. मी अल्बम काढला. आईने माझ्या लग्नाचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “मुलगी काही खास नाही.” मी हसले, तिला हसू आलं नाही. दूध तिने दोनदा परत पाठवलं, एकदा गरम म्हणून आणि एकदा गार म्हणून. सहा वाजता तिला संडासला न्यायला मी मागून हात धरला, चेहरा दाखवायचा विसरले, आणि तिने किंचाळून माझ्या मनगटाला नखं लावली. तोपर्यंत उशीर झालाच होता. लादी पुसली, तिचे कपडे बदलले, पुन्हा पुसली. मग ती खिडकीशी बसून विचारत राहिली, ती कुठे गेली, ती कुठे गेली, आणि कितव्या वेळी कोण जाणे, मी आईवर ओरडले. मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आई गप्प झाली आणि माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघायला लागली. वाचताना मी लाल पेनने अधोरेखित केलेलं होतं की ही माणसं शब्द विसरली तरी आवाजातला राग त्यांना कळतो.

साडेसातला बेल वाजली. मी दार उघडलं. वहिनी तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आली होती, चेहरा वाऱ्याने थोडा उजळलेला. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मीही खाली बघितलं. पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि चपला पायात, दोन्ही बक्कलं लावलेली. त्या मी कधी घातल्या ते मला आठवत नव्हतं.

वहिनी बाजूला होऊन मला वाट देत होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. तीन तास झाले नव्हते, अजून तिची साडीसुद्धा चुरगळलेली नव्हती.

“वहिनी, मला नाही गं जमत,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि तिने आपल्या चपला काढून स्टँडवर माझ्या चपलांच्या रिकाम्या जागेत ठेवल्या. “गुरुवारी पण या. साडेचारला.”